डाव्या पायाचा ब्रेक

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. सांगायची वेळ आली नाही असं नाही. घरात मुलं गाडी चालवायला शिकली, मग नातवंडं शिकली, आणि दर वेळी कुणीतरी म्हणालं, "तुम्हाला गाड्यांचं एवढं कळतं, तुम्हीच शिकवा की." मी गुडघ्याचं कारण पुढे करून उठलो. बायकोला एवढंच माहीत होतं की माझ्या तरुणपणी मामांच्या गाडीला एक अपघात झाला होता आणि तेव्हा गाडी ड्रायव्हर चालवत होता. ते खरंच आहे. ड्रायव्हरच चालवत होता. इतकी वर्षं मी या एका खऱ्या वाक्याच्या आड बसून राहिलो.

आता मामा नाहीत, बायको नाही. रागावणारं कुणी उरलेलं नसताना मी लिहायला बसलो आहे. यात धाडस काही नाही, हे मला कळतं.

मामा श्रीरामपूरला डॉक्टर होते. विलायतेत शिकून आले, तेव्हा येताना बोटीनं एक लहानशी तांबडी गाडी घेऊन आले. डब्याएवढी. बाजारात उभी केली की पोरं तिला हात लावून बघायची. आपल्याकडच्या तेव्हाच्या मोटारींत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जायची. या गाडीची पुढची चाकं ओढायची. चालवणाऱ्याला हा फरक सरळ रस्त्यावर जाणवत नाही, वळणावर जाणवतो. मागच्या चाकांची गाडी वेगात वळवली तर तिचं शेपूट फिरतं. पुढच्या चाकांची गाडी वळतच नाही; स्टिअरिंग फिरवलं तरी तोंड बाहेरच्या बाजूला धरून सरळ निघते.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला नापास होऊन मामांकडे येऊन राहिलो होतो. आमचं गाव नेवाशाकडचं, घरची जमीन बरी होती, त्यामुळे कमवायची घाई नव्हती. मामांच्या दवाखान्यात औषधांची खोकी मोजणं आणि गाडीच्या आसपास घोटाळणं, एवढाच माझा उद्योग.

गाडीवर जो ड्रायव्हर होता त्याला मी उस्ताद म्हणायचो. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. भिंगारचा. वडील कॅम्पात लष्कराच्या गोदामात रोजंदारीवर हमाल होते. घर बौद्ध, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात तुळशीऐवजी सदाफुलीचे डबे. आधी त्यानं साखर कारखान्याचा उसाचा ट्रक चालवला होता. गडी मोठा ऐटबाज. खिशात कंगवा असायचाच, आणि गाडीचा आरसा मागचं बघायला असतो की भांग बघायला, असा प्रश्न मामाच त्याला विचारायचे. मला तो भाचेसाहेब म्हणायचा, त्यात आदर किती आणि टिंगल किती हे कधी कळलं नाही.

"काय भाचेसाहेब, आज पास झाले का?"

"निकाल कधीच लागला, उस्ताद."

"मंग आता गाडीचाच अभ्यास करा. हितं नापास झालं तर लगीच समजतं, निकालाची वाट बघाया लागत न्हाई."

त्या उन्हाळ्यात त्याचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. एस.टी.त ड्रायव्हर म्हणून त्याची निवड झाली होती. नगरला जाऊन बस चालवून दाखवली होती, तिथल्या साहेबानं पाठ थोपटली होती. आता फक्त पोलिसांकडून चौकशी व्हायची बाकी होती. माणूस सरळ आहे, लायसन स्वच्छ आहे, एवढं ठाण्यातून कळवलं की ऑर्डर. त्यानं खाकी कापड आधीच घेऊन ठेवलं होतं, शिंप्याकडे मात्र टाकलं नव्हतं. "आर्डर हातात पडू दे, मंग माप," म्हणायचा. सरकारी नोकरी लागलेला त्यांच्या घरातला तो पहिला माणूस ठरणार होता. "म्हातारी म्हनती, बस आपल्या दारावरून ने एकदा. आता भिंगारच्या गल्लीत बस शिरती व्हय?" असं म्हणून हसायचा, पण बस कुठून वळवता येईल याचा त्यानं विचार केलेला होता हे दिसायचं.

भिंगारच्या छावणीत मामांच्या ओळखीचे एक लष्करी अधिकारी होते. मोटारींच्या शर्यतीत भाग घेतलेला माणूस. मामांची गाडी बघून ते हरखले आणि एकदा मला छावणीमागच्या माळावर घेऊन गेले. मोकळं रान, मुरूम आणि बारीक खडे. त्यांनी डाव्या पायातला बूट काढून मागच्या सीटवर टाकला, गाडी वेगात घेतली आणि वळण घेताना एक अजब प्रकार केला. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून काढलाच नाही. डाव्या पायानं ब्रेक दाबला, अगदी हलका. गाडीचं मागचं अंग सरकलं, तोंड आत आलं, आणि गाडी भोवऱ्यासारखी वळून पुढे निघाली.

मग थांबून त्यांनी समजावलं. दोन्ही पाय एकदम चालवले की पुढच्या चाकांवर ब्रेक लागतो खरा, पण इंजिन त्यांना ओढतही असतं, म्हणून ती फिरत राहतात. मागच्या चाकांना ओढणारं कुणी नसतं, ती धरली जातात आणि घसरतात. तेवढ्यानं वळत नसलेली गाडी वळते. पण डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. त्याला सवय एकच, तळापर्यंत दाबायची. ब्रेकवर तो तसाच पडला तर चारही चाकं जागच्या जागी थांबतात, आणि थांबलेली चाकं वळत नाहीत, गाडी दगडासारखी घसरत जाते. म्हणून त्या पायाला आधी मोकळ्या माळावर पुष्कळ दिवस शिकवायचं. अनवाणी, म्हणजे ब्रेक तळव्याला कळतो. आणि माणसांच्या आसपास हे कधीही करायचं नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी श्रीरामपुराबाहेरच्या माळावर जाऊन शिकलो. उस्ताद गाडी काढून द्यायचा आणि लांब बाभळीखाली बसून बघायचा. माझी गाडी पहिल्यांदा नीट वळली तेव्हा मी धावत त्याच्याकडे गेलो.

"बघितलं का?"

"बघितलं. डागदरसाहेबांनी बी बघाया पायजे होतं."

मामांना हे खेळ अजिबात पसंत नव्हते. टायर झिजतात म्हणून त्यांनी मला एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं आणि पुन्हा असं दिसलं तर गाडीला हात लावू देणार नाही असं बजावलं होतं.

बहात्तरच्या पावसानं दगा दिला, त्याच्या पुढचा तो उन्हाळा. जिल्हाभर दुष्काळी कामं चालू होती. श्रीरामपुराहून नेवाशाच्या बाजूला एक आडरस्ता होत होता. बायका खडी फोडायच्या, गडी ती पसरायचे. एरवी खडीवर पाणी मारून रूळ फिरवतात, तेव्हा ती बसते. इथे प्यायलाच पाणी नव्हतं, मारायला कुठून आणणार? खडी पसरून तशीच सोडलेली. पायी चालतानासुद्धा ती पायाखालून सरकायची. त्या कामावरच्या मजुरांसाठी मामा औषधं पाठवायचे, ती घेऊन मी आणि उस्ताद जायचो.

त्या दुपारी मामा सोबत नव्हते. गाव मागे पडल्यावर मी उस्तादला बाजूला बसायला सांगितलं आणि स्वतः चालवायला घेतली. मोकळ्या खडीवर एका वळणाला गाडी अशी सुरेख फिरली की मला राहवलं नाही.

"आता तुम्ही करून बघा."

"नगं."

"अहो, सोपं आहे."

"तुमास्नी सोपं. माझा ह्यो पाय उसाच्या ट्रकावर वाढलाय. त्येला हळू दाबायचं म्हायतीच न्हाई."

मी त्याला डिवचलं. म्हणालो, "उद्या पन्नास माणसं मागे बसवून एस.टी. हाकणार, आणि एका पायाला घाबरता?" हे वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. त्याच्या ऐटीवर बोट ठेवलं की तो ऐकतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तो स्टिअरिंगवर बसला. मी त्याला डाव्या पायातली चप्पल काढायला लावली. टायरची जाड चप्पल होती. ती उचलून मी माझ्या पायाशी ठेवली. पहिल्या खेपेला त्यानं डावा पाय असा मारला की आम्ही दोघं काचेवर आपटता आपटता वाचलो आणि इंजिन बंद पडलं. दोघंही खूप हसलो. दुसऱ्या खेपेला जरा जमलं. "आरं तिच्यायला!" म्हणून तो स्वतःच खूश झाला. मग कामाची जागा जवळ आली तशी त्यानं गाडी हळू केली.

"बास आता. म्होरं मान्सं हायेत."

"शेवटचं एक. या वळणाला कुणी नसतं."

आता जे लिहितो ते मी स्वतःशीही कधी नीट कबूल केलं नव्हतं. त्या वळणापलीकडे लिंबाखाली पाण्याचा गाडा उभा असतो, हे मला माहीत होतं. मागच्या खेपेला गाडी वळणाअलीकडे थांबली होती तेव्हा मी चालत जाऊन तिथेच पाणी प्यालो होतो. पण दुपार कलली होती, गाडा गेला असेल असं मी मनाशी धरलं. उस्ताद त्या खेपेला गाडीतून उतरलाच नव्हता, त्याला गाडा माहीत नव्हता. तो माझ्या शब्दावर गेला.

वळणावर गाडी तोंड बाहेर धरून सरळ निघाली. मी ओरडलो, "डावा! डावा!" माझं ओरडणं ऐकून त्याचा डावा पाय जसा आयुष्यभर पडत आला होता तसा पडला. तळापर्यंत. चाकं थांबली. खडीचा नुसता आवाज, आणि गाडी घसरत लिंबाकडे. बैल सोडून बाजूला बांधलेले होते. गाडी गाड्याच्या चाकावर आदळली, गाडा कलला, त्यावरचं पाण्याचं पिंप लवंडलं आणि पाणी वाढणारी बाई गाड्याच्या दांडीखाली सापडली.

पहिल्यांदा कुणी आमच्याकडे आलंच नाही. बायका हातातल्या हातोड्या टाकून पाण्याकडे धावल्या. कुणी ओंजळीनं उचलत होतं, कुणी पदर भिजवून तांब्यात पिळत होतं. मुरुमानं बघता बघता सगळं पिऊन टाकलं. मग बाईच्या कण्हण्याकडे लक्ष गेलं. तिचा पाय मोडला होता. मुकादम आमच्या अंगावर धावून आला. "आंधळे का काय रं तुमी? जत्रंत आल्यावानी गाडी हाकताय!"  उस्तादनं दोघांच्या मदतीनं दांडी उचलली आणि बाईला उचलून मागच्या सीटवर आणलं.

गाडीचा पत्रा चेपला होता, पण ती चालत होती. मी मागे बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. उस्तादनं श्रीरामपूरपर्यंत गाडी अशी आणली की एकही धक्का बसला नाही. गाव दिसायला लागलं तेव्हा मागे न बघता म्हणाला,

"भाचेसाहेब, डागदरास्नी काय सांगायचं?"

मी म्हणालो, "बघू."

दवाखान्याच्या दारात बाईला आत नेलं. गडबडीत मी गाडीचं पुढचं दार उघडलं, चप्पल तिथे उलटी पडली होती. मी ती पायानं सीटखाली ढकलली. विचार करून केलं असं नाही. पण चप्पल दिसली तर मामा विचारतील, आणि विचारलं तर माळावरचं सगळं निघेल, एवढा हिशेब त्या क्षणात माझ्या डोक्यात झाला होता.

संध्याकाळी हवालदार आला. मामा बाहेर आले. त्यांचं लक्ष उस्तादच्या पायांकडे गेलं.

"एका पायातली चप्पल कुठे गेली?"

उस्तादनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्याच्या हातात वस्तू द्यावी आणि त्यानं ती धरायची वाट बघावी, तसं. मीच बोलायचं होतं. ती माझी जागा होती. आणि मी बोललोही. म्हणालो, "बाईला उचलताना तिथेच राहिली असेल."

त्यानं माझ्यावरची नजर काढली. मग हवालदाराला म्हणाला, "व्हय. माझाच पाय चुकला, साहेब. ब्रेक जास्ती लागला."

साक्षीदार म्हणून मी सही केली.

तो खरं का बोलला नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मी तेव्हा स्वतःला सांगायचो, तो मोठ्या मनाचा होता. तसं नसावं. डॉक्टरांचा भाचा एक सांगतो आणि ड्रायव्हर दुसरं सांगतो, यात कुणाचं खरं धरलं जाईल हे त्याला माझ्याहून नीट कळत होतं. मी तोंड उघडलं असतं तरच त्याच्या बोलण्याला अर्थ होता. आणि माझं काय जाणार होतं? मामांचा राग, गाडीला हात लावायची बंदी. एवढंच. नोकरी त्याची जाणार होती, हेही माहीत होतं. दंड होईल, मिटेल, किरकोळ प्रकरण आहे, असं मी धरून चाललो.

मिटलं नाही. केस झाली, लायसन काही काळ अडकलं. ठाण्यातून एस.टी.कडे जे कळवायचं ते कळवलं गेलं. ऑर्डर आली नाही. मामांनी त्याला कामावरून कमी केलं; माणूस वाईट नाही, पण रुग्ण न्यायच्या गाडीवर असा माणूस नको, म्हणाले. बाईचा पाय मामांनी जोडला, फुकट उपचार केले, तरी ती पुढे लंगडतच चालायची असं ऐकलं. मी तिला बघायला गेलो नाही. जाताना उस्ताद किल्ली टेबलावर ठेवून मला म्हणाला, "येतो भाचेसाहेब. पास व्हा आता." सीटखालची चप्पल मी नंतर काढून पांजरपोळामागच्या उकिरड्यावर टाकली. तो उरलेली एक पायात घालून गेला होता की तीही फेकली होती, हे मी बघितलं नव्हतं.

मी पास झालो. पुण्याला नोकरी लागली, तिथेच राहिलो. बऱ्याच वर्षांनी एकदा नगरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. एक माणूस शिडीवरून बसच्या टपावर पोती चढवत होता. अंगात हमालाचा सदरा, केस विरळ झालेले, पण भांग ठसठशीत. त्यानंच मला आधी ओळखलं.

"काय भाचेसाहेब! डावा पाय काय म्हनतोय?"

मी हसलो. काय करावं कळलं नाही म्हणून हसलो. त्याला चहा घ्या म्हणालो. तो म्हणाला, "ही येवढी पोती चढवून येतो." मी टपरीजवळ उभा राहिलो. मनात वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात माझी गाडी लागली, आणि मी चढलो. पुढची गाडी तासाभरानं होती. मला काही घाई नव्हती. खिडकीतून पाहिलं तर तो सदऱ्याला हात पुसत टपरीकडे येत होता.

यंदा दिवाळीनंतर मी भिंगारला गेलो. मुलाला खोटं सांगून, एकटा, एस.टी.नं. घर शोधायला वेळ लागला. दारात उस्तादच्या पत्नी तांदूळ निवडत बसल्या होत्या. उस्ताद मागच्या पावसाळ्यात गेल्याचं त्यांनीच सांगितलं.

"तुमी कोन?"

"जुना ओळखीचा. श्रीरामपूरला डॉक्टरांच्या गाडीवर होते ना, तेव्हाचा."

त्यांनी आत बोलावलं, चहा टाकला. बुद्धाची तसबीर तीच असावी. बोलता बोलता म्हणाल्या,

"त्या गाडीनंच घात केला बगा. एस.टी.त लागलेच हुते. पाय चुकला आन् गेलं समदं."

मी कप धरून बसलो होतो.

"लई मनाला लावून घेतलं त्येंनी. लायसन परत मिळालं तरी पुन्हा कुनाच्या गाडीवर बसले न्हाई. म्हनायचे, माझ्या पायाचा भरवसा न्हाई, उगं कुनाचा जीव जायाचा. पोरांना बी शिकू दिलं न्हाई. थोरल्याला टेम्पो घ्यायचा हुता, बँक द्याया तयार हुती. तर ह्ये म्हनाले, आपल्या घराच्या पायातच खोट हाय, तू ह्या फंदात पडू नगं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि ते त्याला माहीत आहे. स्टँडवर त्यानं थट्टा केली तेव्हाही मला तेच वाटलं. पण हवालदारापुढे म्हटलेलं ते वाक्य त्यानं हळूहळू खरं मानलं होतं. त्याला दुसरं सांगणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते पुण्याच्या गाडीत बसून निघून गेलं होतं.

सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. थोरला मुलगाही तेवढ्यात कामावरून आला, मला नमस्कार करून समोर बसला. पन्नाशीचा असेल. "बाबांच्या कामावरचे का तुम्ही?" एवढंच म्हणाला. मी हो म्हणालो. चहा संपवला आणि उठलो. वहिनी दारापर्यंत आल्या, "येत जा," म्हणाल्या. त्या खाकी कापडाचं पुढे काय झालं, तेही मी विचारलं नाही.

त्या खोलीत जे बोलायला गेलो होतो आणि न बोलता परत घेऊन आलो, ते हे: उस्ताद, तुमच्या पायात खोट नव्हती. तुम्ही नको म्हणाला होता. पुढे माणसं आहेत हे तुम्ही सांगितलं होतं, आणि गाडा आहे हे माहीत असून मी तुम्हाला सांगितलं नाही. त्या पायानं तेच केलं जे कुठल्याही चांगल्या ड्रायव्हरच्या डाव्या पायानं केलं असतं. चप्पल मी काढायला लावली आणि मीच लपवली. तुमच्या मुलांना गाडी शिकू द्या. मला माफ करा.